दहा सेकंदांच्या शर्यतीमागचे चौदा महिने

बरीच वर्षं मी शर्यती लावायचं काम करतेय. कॉल रूम, लेन, स्टार्टर, फोटोफिनिश हे सगळं हाताखालचं. त्यामुळे तिघा मित्रांनी ‘ॲथलेटिक्सची व्यावसायिक लीग काढू, तू स्पर्धा सांभाळ’ असं म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. ट्रॅक माझ्याकडे, पैसे त्यांच्याकडे, अशी वाटणी असेल असं वाटलं होतं.

पहिला फोन एका धावपटू मुलीच्या कोचना केला. मी तारखा सांगितल्या, ट्रॅक कसा वेगवान आहे ते सांगितलं. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “ते सगळं ठीक आहे हो मॅडम. बक्षिसाचे पैसे किती दिवसांत?”

“नव्वद.”

“मग माझ्या मुलीला सोडा. तिचं घरभाडं दर महिन्याला असतं.”

मला रागच आला. पुढच्या आठवड्यात आणखी सहा जणांनी तोच प्रश्न विचारला, तेव्हा राग गेला. या खेळाचा इतिहास त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक होता. १९७३ साली अमेरिकेत इंटरनॅशनल ट्रॅक असोसिएशनने व्यावसायिक स्पर्धा सुरू केल्या. किप केनो, जिम रायन, बॉब सीग्रेन असे ऑलिंपिक पदकविजेते तीत उतरले. तेव्हा पैसे घेतले की हौशी दर्जा जायचा आणि ऑलिंपिकचं दार बंद व्हायचं. एवढं पणाला लावून उतरलेल्यांची ती लीग १९७६ मध्ये गुंडाळली गेली. आणि अगदी अलीकडे, २०२५ मध्ये, ऑलिंपिक सुवर्णविजेते धावपटू मायकल जॉन्सन यांनी ग्रँड स्लॅम ट्रॅक ही लीग काढली. गटविजेत्याला १ लाख डॉलर, चार स्पर्धा. किंग्स्टन, मायामी, फिलाडेल्फिया झाल्या, लॉस एंजेलिसची रद्द झाली आणि खेळाडूंचे पैसे महिनोन्‌महिने अडकले. खुद्द मायकल जॉन्सनच्या नावावर हे होत असेल, तर आमच्यावर कोण भरवसा ठेवणार?

बैठकीत मी सांगितलं, बक्षिसाची सगळी रक्कम आधी त्रयस्थ खात्यात ठेवू, तिला आपणही हात लावायचा नाही. “अगं, तिकिटं विकली की येतीलच की पैसे,” असं उत्तर मिळालं. ॲथलेटिक्सची तिकिटं कशी विकली जातात ते मी जन्मभर पाहत आलेय. तीन आठवडे भांडण चाललं. शेवटी सहा स्पर्धांच्या तीन झाल्या आणि पैसे खात्यात जमा झाले. मी कोचना पुन्हा फोन लावला. दहा दिवसांत अर्धे, उत्तेजक चाचणीचा अहवाल आला की उरलेले. “बघू” म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी करार सही होऊन आला.

महासंघाची परवानगी कंटाळवाणी, पण तिच्याशिवाय निकाल मानांकनाला धरत नाहीत, म्हणजे मोठा खेळाडू येतच नाही. कागद पुरवत राहायचे, एवढंच.

खरा वाद मैदानी प्रकारांवरून झाला. ग्रँड स्लॅमने उड्या आणि फेकी ठेवल्याच नव्हत्या. हातोडाफेक तर डायमंड लीग या जगातल्या बड्या स्पर्धामालिकेच्या कार्यक्रमातही नाही. आमचे टीव्ही प्रक्षेपणवाले म्हणत होते, फक्त धावण्याच्या शर्यती घ्या. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता. लांब उडीला आठ जण, प्रत्येकी सहा प्रयत्न, प्रयत्नाला एक मिनिट धरलं तरी अठ्ठेचाळीस मिनिटं. पण शंभर मीटरचं तरी काय वेगळं? धावणं दहा सेकंद आणि ब्लॉक लावणं, ओळख, पुन्हा सगळं शांत होण्याची वाट बघणं, यात पाच-सहा मिनिटं. दोन तासांच्या कार्यक्रमात प्रत्यक्ष पळणं किती, ते घड्याळ लावून बघा एकदा. म्हणून लांब उडी आणि भालाफेक ठेवली, आणि त्यांचे शेवटचे प्रयत्न चालू असताना ट्रॅक पूर्ण रिकामा. तो निर्णय माझा होता आणि तो बरोबर होता, एवढं श्रेय मी घेतेच.

पहिल्या स्पर्धेच्या दिवशी वारा सुटला होता. महिलांच्या शंभर मीटरच्या आधी वारा मोजायचं यंत्र तपासायला गेले. अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनच्या आतल्या बाजूला, १.२२ मीटर उंचीवर, सगळं नियमाप्रमाणे. छतावरचे झेंडे मात्र फडफडतायत आणि आकडा अधिक ०.१, म्हणजे पाठीमागून सेकंदाला जेमतेम ०.१ मीटर वारा! खाली पाहिलं तर प्रायोजकाच्या माणसांनी जाहिरातीचे उंच बोर्ड कॅमेऱ्यात नीट यावेत म्हणून यंत्राला अगदी खेटून उभे केले होते. वारा यंत्रापर्यंत पोचतच नव्हता.

“करारात लिहिलंय, बोर्ड दिसला पाहिजे,” त्यांचा माणूस म्हणाला.

मुख्य पंच म्हणाले, “मग वेळ विक्रमाला धरणार नाही.”

चार बोर्ड हलवायला अकरा मिनिटं गेली. आठ मुली गरम झालेलं अंग थंड पडू नये म्हणून जागेवरच उड्या मारत होत्या. मग शर्यत झाली. त्याच कोचची मुलगी पहिली आली, आयुष्यातल्या सगळ्यात कमी वेळात. वाऱ्याचा आकडा लागला अधिक २.३. मर्यादा २.० ची; पाठीमागचा वारा त्याहून जास्त असला की वेळ विक्रमाला धरत नाहीत. वेळ गेली वाऱ्यावर, शब्दशः.

प्रायोजकाचा माणूस माझ्याकडे बघून हसला. बोर्ड तिथेच असते तर आकडा नक्कीच मर्यादेत आला असता. खोटा, पण मर्यादेत. मी मुलीला सांगायला गेले. ती वाकून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती. मान वर न करता म्हणाली, “पहिला नंबर राहतो ना? आणि बक्षीस?”

“राहतं.”

“मग झालं.”

दुसरी स्पर्धा सुरळीत पार पडली, तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. तिसरीच्या आठ दिवस आधी प्रायोजकाने शेवटचा हप्ता दिला नाही. कारण लेखी कधीच आलं नाही. खात्यातले पैसे खेळाडूंचेच होते, त्यांना धक्का लागला नाही. टायमिंगवाल्यांचं बिल आम्ही चौघांनी खिशातून भरलं.

तिसऱ्या स्पर्धेनंतर नवव्या दिवशी कोचचा मेसेज आला: “अर्धे जमा.” चाचणीचा अहवाल आल्यावर दुसरा: “उरलेले जमा.” बाकी एक अक्षर नाही.

आमच्या चौघांचं मानधन अजून यायचंय. पुढच्या मोसमाची बैठक रविवारी आहे; विषयपत्रिकेत पहिल्या क्रमांकावर मी तेच घातलंय.