बल्ब पेटला की थांबायचं

भर दुपारी बॉनेट उघडून टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी पडायची नेमकी वेळ, लावायला बसावं, तर टेस्टरचा इवलासा बल्ब पेटला की विझला हेच उन्हात दिसत नाही. डाव्या हाताचा आडोसा धरायचा आणि उजव्याने डेल्को फिरवायचा. डेल्को म्हणजे प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा डबा; पुस्तकात त्याला डिस्ट्रिब्युटर म्हणतात. जुन्या पद्मिनी गाडीवर वाकलेल्या मिस्त्रीच्या तोंडी डेल्कोच येतं.

त्याआधी पॉइंटचा गॅप. पॉइंट म्हणजे डेल्कोतली उघडझाप करणारी जोडी, ती उघडली की ठिणगी पडते. हा क्रम उलटा केला की मेहनत पाण्यात. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे जातं. पॉइंटची फिरत्या कॅमवर घासणारी टाच झिजली की गॅप मिटतो आणि टायमिंग मागे पडतं. गॅप साधारण 0.4 मिमी, टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना. गॅप मोजायच्या पट्टीऐवजी, म्हणजे फीलर गेजऐवजी, हॅकसॉचं पातं घालणारे महाभाग असतात. ते 0.6 मिमीच्या पुढे जातं. प्लगच्या गॅपला एक वेळ चालेल.

मग 1 नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवायचा. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवताना हवेने अंगठा उचलला की कॉम्प्रेशन, पिस्टन हवा दाबत वर येतोय. मग पुलीवरची टायमिंगची खूण जुळवायची. नुसत्या त्या खुणेवर विसंबू नये, ती 4 नंबरच्या कॉम्प्रेशनलाही तितक्याच इमानदारीने जुळते. खूण हुकून पुढे गेली, तर पाव फेरा मागे घेऊन पुन्हा पुढे यावं, म्हणजे चेनमधला प्ले, म्हणजे ढिलेपणा, निघून जातो.

बल्बची एक वायर पॉइंटच्या टोकाला, दुसरी बॉडीला. स्विच ऑन. क्लॅम्प सैल करून डेल्को त्याच्या आतला रोटर फिरतो त्या दिशेने फिरवला की बल्ब विझतो. आता उलट दिशेने, केसभर केसभर. पेटला, त्या क्षणी हात थांबला पाहिजे. डेल्कोचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन. आणि क्लॅम्प आवळताना तो हमखास सरकतो, तेव्हा क्रँकचे दोन फेरे मारून पुन्हा बघणं आलंच.

एवढं अंशांचं कौतुक कशाला? पेट्रोल एकदम फुटत नाही, जळत जातं. त्याला समजा 2 मिलिसेकंद लागले, तर 900 आरपीएमला तेवढ्यात क्रँक 11 अंश फिरतो, 3000 ला 36. म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधी ठिणगी, आणि वेग वाढेल तशी आणखी आधी. ते काम डेल्कोतली, वेगाबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं बघतात. टायमिंग फार पुढे गेलं की चढावर खडखडाट, आणि गाडी सुरू करायला हँडल मारताना उलटा फटका. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला हवा तो यासाठी. मागे राहिलं की गाडी ओढत नाही, पाणी मात्र उकळतं.

ठिणगीबरोबर लुकलुकून खूण दाखवणारी स्ट्रोब लाइट जास्त नेमकी, मान्य. पण तिला चालू इंजिन लागतं. बल्बला बंद गाडीही चालते. शिवाय स्ट्रोब लावताना डेल्कोला येणारी व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं असतं. ती परत जोडायची आठवण बॉनेट खाली आदळल्यावर होते.