एकच डबा, दोन सिस्टिम आणि साडेपाच तासांचा घोळ

"लिनक्सवर बरोब्बर दुप्पट वेगाने काम होतं," असं मी ऑफिसात चहाच्या टेबलावर छातीठोकपणे सांगितलं होतं. वहीत आकडे होते ना! माझा संगणक रिकाम्या वेळात विज्ञानाची गणितं करतो, त्यातल्या एका टास्कला, म्हणजे कामाच्या एका तुकड्याला, विंडोजवर ११ तास ४८ मिनिटं, लिनक्सवर ५ तास ५२. दोन्ही आकडे मीच लिहिलेले, त्यामुळे शंका घ्यायचं कारण नव्हतं.

झालं असं की ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला. माझा डेस्कटॉप चौथ्या पिढीतल्या आय५ चा, चार कोअरचा. विंडोज ११ त्याला दारातच उभं करत नाही. म्हणून शेजारी उबुंटू हे लिनक्स टाकलं आणि ड्युअल बूट केलं, म्हणजे सुरू करताना दोन्हींतलं हवं ते निवडायचं. हा डबा बरीच वर्षं रिकाम्या वेळात बॉइंकवर, म्हणजे असली कामं आणून संगणकाकडून करून घेणाऱ्या प्रोग्रामवर, आइन्स्टाइन@होम या प्रकल्पाचं काम करतो. घरबसल्या आपला संगणक विज्ञानाला उसना द्यायचा हा प्रकार गाजवला तो बर्कली विद्यापीठाच्या, परग्रहवासीयांचे संकेत शोधणाऱ्या सेटी@होमने, १९९९ मध्ये. २०२० च्या मार्चअखेर त्यांनी नवी कामं वाटणं थांबवलं. आइन्स्टाइन@होम २००५ पासून चालू आहे. लायगो या वेधशाळेच्या डेटात सतत येणाऱ्या गुरुत्वीय लहरी आणि फर्मी या अवकाश दुर्बिणीच्या गामा किरणांत पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे, शोधायचे, असं त्याचं काम. आमचं मूळ गाव हिंगोलीकडचं आणि भारतातली तशीच वेधशाळा, लायगो-इंडिया, तिथल्याच औंढा नागनाथजवळ होणार, म्हणून माझा ओढा तिकडे. आईला मात्र यातलं एकच दिसतं: "अगं, रात्रभर घुं घुं चालतं, त्याचे पैसे देतात का तुला?" नाही देत. क्रेडिट नावाचे गुण मिळतात, त्यांचा चहासुद्धा येत नाही.

तर एकाच यंत्रावर दोन सिस्टिम आहेत, मग कोण किती काम करतं ते मोजूया, असं ठरवलं. सोपं वाटलं होतं.

दुप्पटीचा शोध आठवडाभर टिकला. मग एका सकाळी लिनक्समधून विंडोजमध्ये आले आणि कोपऱ्यातल्या घड्याळात पहाटेचे साडेचार दिसले. बाहेर टळटळीत ऊन! लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्याच घड्याळाला स्थानिक वेळ समजतं. आपल्याकडे फरक साडेपाच तासांचा. इंटरनेटवरून वेळ जुळेपर्यंत विंडोज मागेच राहतं, आणि मी टास्क सुरू झाल्याची वेळ नेमकी त्याच वेळात लॉगमधून उतरवून घेतली होती. १०:०२ ला सुरू झालेलं काम वहीत ४:३२ ला सुरू झालं, आणि संपलं ते बरोबर झालेल्या घड्याळाप्रमाणे ४:२० ला दुपारी. ११:४८ मधून साडेपाच वजा केले तर सहा तास अठरा मिनिटं. चहाच्या टेबलावर हे सांगायला मी गेले नाही. लिनक्सला एक आज्ञा देऊन मदरबोर्डवर स्थानिक वेळच ठेवायला लावली आणि वही बाजूला ठेवली.

वही हवीच कशाला होती म्हणा. प्रत्येक टास्कपुढे बॉइंक स्वतःच दोन वेळा नोंदवतं: रन टाइम, म्हणजे काम चालू असताना गेलेला एकूण वेळ, आणि सीपीयू टाइम, म्हणजे त्यातला प्रोसेसरने खरोखर त्या कामाला दिलेला. गामा किरणांच्या एकाच जातीच्या वीस-वीस टास्क दोन्हीकडे केल्या, एका वेळी चार. सीपीयू टाइम जवळजवळ सारखा, दोन्हीकडे पावणेसहा तासांच्या अलीकडे-पलीकडे. लिनक्सवर रन टाइम त्याला चिकटूनच होता. विंडोजवर तो अर्धा तास पुढे. म्हणजे गणित करायला विंडोज हळू नव्हतं, गणिताच्या ताटातलं दुसरंच कोणीतरी खात होतं. अँटिव्हायरस! बॉइंक आपल्या फोल्डरमध्ये सतत लिहितं आणि अँटिव्हायरस प्रत्येक फाइल उघडून हुंगतं. शिवाय त्याचं मोठं स्कॅन सुरू झालं की बॉइंक आपणहून थांबायचं, कारण इतर प्रोग्रामनी २५ टक्क्यांपेक्षा जास्त प्रोसेसर घेतला तर थांबायचं, ही मुळातलीच सेटिंग. बॉइंकच्या डेटाचं फोल्डर स्कॅनमधून वगळलं, आणि फरक आठ-नऊ मिनिटांवर आला. तो लिनक्सच्या बाजूने राहिला, आजही आहे. पण आठ मिनिटांसाठी कोणी सिस्टिम बदलत नाही.

बेंचमार्कच्या नादी मात्र लागू नका. बॉइंक दर काही दिवसांनी व्हेटस्टोन आणि ड्रायस्टोन या ठरलेल्या चाचण्या चालवून यंत्राचा वेग ठरवतं. दोन्ही सिस्टिमवर माझे आकडे कधीच जुळले नाहीत. त्यातून कळतं ते बॉइंकचा प्रोग्राम कोणत्या कंपायलरने (लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत नेणाऱ्या प्रोग्रामने) कसा बांधला ते, तुमचं खरं काम किती वेळात होईल ते नाही. पूर्वी क्रेडिट याच आकड्याला वेळेने गुणून मागितलं जायचं आणि लिनक्सवाल्यांच्या पदरी त्याच कामाचं कमी पडायचं. त्यावरून झालेली जुनी भांडणं अजून वाचायला मिळतात, मजेदार आहेत. आइन्स्टाइन@होम टास्कमागे ठरलेलं क्रेडिट देतं, तो वादच नाही.

आणखी एक गोष्ट मला या निमित्ताने कळली. तीच टास्क दोन यंत्रांना देऊन उत्तरं ताडून बघतात, आणि दशांशातल्या गणिताची शेवटची घरं सिस्टिम व प्रोसेसरप्रमाणे किंचित वेगळी येऊ शकतात. हवामानासारख्या गणितात तो किंचितपणा फुगत जातो. म्हणून काही प्रकल्प जोडीची कामं एकाच जातीच्या यंत्रांना वाटतात, विंडोजची जोडी विंडोजशी.

एवढं होऊनही रोजच्या सरासरी क्रेडिटमध्ये लिनक्स बरंच पुढे होतं, आणि ते आठ मिनिटांत बसेना. या सरासरीत जुन्या कामाचं वजन दर आठवड्याला निम्मं होत जातं, त्यामुळे ती स्थिरावायला काही आठवडे द्यावे लागतात. दिले. तरी फरक तसाच. उत्तर सापडलं गुरुवारी. आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते ती बहुतेक गुरुवारीच. वीज आली की डबा आपोआप सुरू व्हावा अशी बायोसमध्ये सोय केलेली आहे. उबुंटूवर बॉइंक सिस्टिमबरोबरच उठतं आणि कामाला लागतं. विंडोज माझ्या पासवर्डची वाट बघत संध्याकाळपर्यंत बसून राहायचं! तिथे बॉइंक सर्व्हिस म्हणून, म्हणजे लॉगिनशिवाय चालेल असं, टाकलं असतं तर हा प्रश्न आला नसता, पण मी इन्स्टॉल करताना पुढे-पुढे दाबत गेले होते.

ड्युअल बूट करणाऱ्यांना एकच सांगते: सिस्टिम बदलण्याआधी "नवी कामं नको" दाबून हातातली संपवा. बॉइंकच्या लेखी ही दोन वेगळी यंत्रं असतात, आणि झोपलेल्या यंत्राकडच्या टास्कची मुदत काही थांबत नाही. माझ्या अकरा टास्क अशाच गेल्या.

आता डबा उबुंटूवरच असतो. चारही कोअर चालले की भिंतीवरच्या मीटरवर शंभरच्या आसपास वॅट दिसतात, म्हणजे दिवसाला २.४ युनिट. पंख्याच्या दिवसांत त्यामुळे बिल ३०० युनिटच्या वर, पुढच्या दरात जातं. एप्रिलपासून म्हणून दोनच कोअर, असं आईशी ठरलंय. ती बिल आलं की आधी युनिटचा आकडा बघते, मग माझ्याकडे.