टिग शिकताना: डावा हात आणि धातूचं पाणी

आर्गन वेल्डिंग, म्हणजेच टिग (टंगस्टन इनर्ट गॅस), शिकायचं म्हटलं की सगळे आधी विचारतात मशीन कुठलं घेऊ, किती अँपिअरचं, एसी-डीसी पाहिजे का नुसतं डीसी चालेल. मला विचाराल तर मशीनचा विचार सगळ्यात शेवटी करा. आधी कुणाच्या तरी शॉपमध्ये जाऊन टॉर्च (वेल्डिंगची हातात धरायची मूठ, जिच्या टोकाला सुई असते) हातात घ्या, खरं शिक्षण डोळ्याचं आणि डाव्या हाताचं आहे आणि ते मशीनसोबत बॉक्समध्ये येत नाही.

मी सध्या ऑफिस सुटल्यावर नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये शिकायला जाते. तिथे डेअरी आणि वायनरीच्या स्टेनलेसच्या टाक्या बनतात, म्हणजे आतून वेल्ड एकदम गुळगुळीत पाहिजे, जरा खाच राहिली की तिथे घाण साठणार आणि ती धुऊन निघणार नाही. अशा कामाला टिगच लागतं. टंगस्टनची सुई फक्त आर्क (सुई आणि पत्र्यामधली विजेची प्रखर ज्योत) धरते, स्वतः वितळत नाही (टंगस्टन वितळायला ३४०० डिग्रीच्या वर लागतात), भर घालायची ती दुसऱ्या हाताने वेगळ्या फिलर रॉडने, आणि वरून आर्गनचं पांघरूण म्हणून फ्लक्स (वेल्ड झाकणारं रसायन) नाही, स्लॅग (त्याची वर जमणारी खपली) नाही, ठोकून काढायला काही उरतच नाही. १९४१ मध्ये अमेरिकेत नॉर्थ्रॉप या विमान कंपनीत रसेल मेरेडिथने हे बसवलं ते मॅग्नेशियम जोडायला, तेव्हा गॅस हीलियम होता. मॅग्नेशियमसारखा पटकन पेट घेणारा धातू जोडायला निघालेली पद्धत आज आपल्याकडे जिन्याच्या रेलिंगला वापरतात, मला हे फार भारी वाटतं.

तर पहिला धडा. मिस्त्रींनी दीड एमएमचा स्टेनलेसचा तुकडा दिला, मशीन पन्नास-पंचावन्न अँपिअरवर, गॅस मिनिटाला सात-आठ लिटर, आणि फिलर रॉड द्यायला साफ नकार. म्हणाले, "ताई, उजेडाकडे नका बघू, पाणी बघा." आणि खरंच सगळं त्यातच आहे. बटण दाबलं की आधी नुसता लखलखाट दिसतो, मग सुईच्या खाली पत्रा आधी चमकतो, मग अचानक तिथे छोटासा गोल आरसा तयार होतो, कडा स्पष्ट, मधे हलकीशी थरथर. हे पाणी झालं. ते होईपर्यंत थांबायचं, एकाच जागी, आणि झालं की त्याला ओढत न्यायचं. गोल मोठा व्हायला लागला म्हणजे उष्णता साठतेय, हात जरा पुढे न्या, आणि मधे खोलगट दिसायला लागलं तर पुढच्या क्षणाला भोक पडणार. आपल्याकडच्या साध्या मशीनला बहुतेक वेळा पायाचं पॅडल नसतं, टॉर्चवरचं बटण असतं, त्यामुळे करंट तिथल्या तिथे कमी करता येत नाही, जे काय सांभाळायचं ते हाताच्या वेगाने. मला वाटतं यामुळे डोळा लवकर तयार होतो.

सुई आणि पत्र्यात अंतर जेमतेम दोन एमएम, टॉर्च सरळ उभ्यापेक्षा पंधराएक अंश मागे झुकलेला. सुई पाण्यात टेकली की लगेच कळतं, आर्क वाकडातिकडा पळतो, टोकावर गोळा बसतो, मग ती काढून परत ग्राइंड करायची. ग्राइंडिंगच्या रेषा सुईच्या लांबीत पाहिजेत, आडव्या पडल्या की आर्क भरकटतो. आणि लाल टोकाच्या सुईत थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे, त्याची धूळ नाकात जाऊ देऊ नका. शिकणाऱ्याने सरळ लँथनमवाली घ्यावी, सोनेरी किंवा निळं टोक, कामात काही कमी पडत नाही.

मग डावा हात. रॉड बोटांनी पुढे सरकवत राहायचा, अंगठ्याने ढकल, बोटांनी धर, परत ढकल, आणि हे हातमोज्यात. मी टीव्ही बघताना, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून, नुसता रॉड सरकवत बसते आणि याचा फरक पडतो, मनापासून सांगते. रॉड आर्कमध्ये वितळवून थेंब पाडायचा नसतो, पाण्याच्या पुढच्या काठाला टेकवायचा, पाणी स्वतः ओढून घेतं. टेकवून मागे घ्यायचा पण गॅसच्या बाहेर न्यायचा नाही, गरम टोकाला हवा लागली की ते काळवंडतं आणि पुढच्या वेळी तीच घाण वेल्डमध्ये जाते.

स्वच्छता म्हणाल तर टिगला तडजोड नाही. ॲसिटोनने पत्रा पुसा, रॉडसुद्धा पुसा, स्टेनलेसचा ब्रश वेगळा ठेवा, लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टेनलेसवर फिरवला तर नंतर गंज येतो. क्लोरिन असलेला क्लीनर मात्र वेल्डिंगच्या आसपाससुद्धा नको, आर्कच्या उजेडात आणि उष्णतेत त्यातून फॉस्जीन तयार होतो, तो विषारी वायू आहे.

रन, म्हणजे वेल्डची एक रेघ, संपला की बटण सोडायचं पण टॉर्च उचलायचा नाही, गॅस काही सेकंद चालू राहतो तो थंड होणाऱ्या धातूसाठी आणि सुईसाठी. मग रंग बघा. स्टेनलेसवर फिकट सोनेरी आला तर उत्तम, निळा-जांभळा म्हणजे उष्णता जरा जास्त झाली, राखाडी आणि खरखरीत म्हणजे वाया. पण वरचा रंग बघून खूश होऊ नका, जॉब उलटा करा. मागून आर्गन दिलेला नसेल तर आतल्या बाजूला काळे खरबरीत दाणे फुगून आलेले दिसतात, आणि दूध नाहीतर वाइन लागणार ती त्याच बाजूला. म्हणून पाइपची दोन्ही तोंडं बंद करून आत आर्गन भरतात.

आणि हे कळकळीने सांगतेय, टाकीच्या कामात हाच आर्गन जीव घेऊ शकतो. त्याला वास नाही, रंग नाही, हवेपेक्षा जड म्हणून टाकीच्या तळाशी साठतो आणि ऑक्सिजन बाहेर ढकलतो, माणसाला गुदमरल्यासारखंही न वाटता तो कोसळतो. ब्लोअर, ऑक्सिजन मीटर आणि बाहेर उभा माणूस, या तिन्हीशिवाय आत उतरू नका. आत कुणी पडलेला दिसला तर तसंच मागोमाग उडीही मारू नका. डोळ्यांचं तसंच, उघड्या डोळ्याने आर्क बघितला तर तेव्हा काही वाटत नाही, काही तासांनी डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतं. बटाट्याचे काप ठेवू नका, डॉक्टरकडे जा. ऑटो हेल्मेट (आर्क लागताच काच आपोआप काळी होणारं) घेताना ते कमी अँपिअरला काळं होतं का हे विचारून घ्या, स्वस्तातल्या हेल्मेटला टिगचा बारीक आर्क कधीकधी ओळखता येत नाही.

आता ॲल्युमिनियमला हात घालायचाय. तिथे एसी लागतो, कारण वर ऑक्साइडचा थर असतो, दुधावरच्या सायीसारखा, फक्त ही साय वितळते दोन हजार डिग्रीच्या वर आणि खालचा धातू ६६० लाच. एसीच्या एका अर्ध्या फेऱ्यात तो थर फुटतो, दुसऱ्यात उष्णता आत जाते. मिस्त्री म्हणतात ॲल्युमिनियम लाल होत नाही, काही न सांगता एकदम खाली बसतं, त्यामुळे परत पाणी बघायचीच सवय कामाला येणार. शॉपमधल्या एसी मशीनवर सध्या टाकीचं काम चालू आहे, ते मोकळं झालं की भंगारातले तुकडे घेऊन बसणार आहे.