मालदीवचे ९६ तास आणि नौपाड्यातला रिपोर्ट

करोनाच्या काळात मालदीवला जाऊन आल्याचे सांगितले की लोक आधी नाकातल्या त्या काडीबद्दल विचारतात. वास्तविक चाचणी हा या प्रवासातला सर्वांत सोपा भाग होता; खरी कसरत होती ती तासांचा हिशेब आणि कागदोपत्री नाव यांचा मेळ घालण्याची.

आम्ही मार्च २०२१ मध्ये गेलो. निघण्यापूर्वीच्या ९६ तासांत दिलेल्या नमुन्याचा निगेटिव्ह पीसीआर रिपोर्ट पर्यटकाजवळ असला पाहिजे आणि शेवटच्या २४ तासांत ‘इमुगा’ या संकेतस्थळावर आरोग्याचे घोषणापत्र भरलेले असले पाहिजे, असा तेव्हा मालदीवचा नियम होता. एक वर्षाखालील बाळांना चाचणीतून सूट होती. ९६ तास म्हणजे चांगले चार दिवस, असे वरवर वाटते. परंतु ते नमुना दिल्यापासून मोजायचे होते, रिपोर्ट हाती पडल्यापासून नव्हे. आमचे विमान शनिवारी सकाळी होते. मंगळवारी नमुना द्यावा तर मुदत अगदी काठावर येते आणि शुक्रवारी द्यावा तर रिपोर्ट वेळेत येण्याचा भरवसा नाही, म्हणून आम्ही गुरुवारची सकाळ धरली. राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये ठरवलेल्या दराप्रमाणे घरून नमुना नेण्याचे ९८० रुपये पडत होते.

माझा पासपोर्ट माहेरच्या नावाचा आहे आणि आधार कार्ड सासरच्या. ठाण्यातल्या नौपाड्यात आमच्या घरी नमुना न्यायला आलेल्या मुलाने सवयीने आधारच मागितले. मी पासपोर्ट पुढे केला, त्याने त्याचा फोटोही काढून घेतला. तरी संध्याकाळी आलेल्या रिपोर्टवर माझे नाव सासरचे होते आणि पासपोर्ट क्रमांकाचा पत्ताच नव्हता. फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, “मॅडम, निगेटिव्ह आहे ना, मग नावाचं काय एवढं?” विमान कंपनीच्या काउंटरवर रिपोर्ट पासपोर्टशेजारी ठेवून अक्षरन् अक्षर ताडून पाहतात, हे त्यांना समजावण्यात शुक्रवारची अख्खी दुपार गेली. दुरुस्त रिपोर्ट आल्यावरच तो, हॉटेलचे आरक्षण आणि विमानाचा तपशील घेऊन आम्ही इमुगावर बसलो. शेवटी आलेला क्यूआर कोड मोबाइलमध्ये होताच; माझ्या यजमानांनी त्याच्या दोन छापील प्रतीही काढल्या. मला त्या वेळी ते अति वाटले होते.

एवढा काटेकोरपणा जाचक वाटला, तरी त्यामागचे कारण मला पटते. मालदीवमध्ये बहुतेक रिसॉर्टना स्वतःचे स्वतंत्र बेट असते, त्यामुळे तिथे पाहुणे आपोआपच वेगळे राहतात. म्हणूनच १५ जुलै २०२० रोजी सीमा उघडल्या, तेव्हा आधी रिसॉर्टना परवानगी मिळाली आणि लोकवस्तीच्या बेटांवरील गेस्टहाउसना ऑक्टोबरपर्यंत थांबावे लागले. आपल्या लक्षद्वीपचेही उदाहरण आहे. तिथे जाण्यापूर्वी कोचीत कराव्या लागणाऱ्या सक्तीच्या विलगीकरणामुळे जानेवारी २०२१ पर्यंत तिथे एकही रुग्ण नव्हता. विलगीकरणाऐवजी निगेटिव्ह रिपोर्ट पुरेसा मानला जाऊ लागला आणि काही आठवड्यांतच पहिला रुग्ण सापडला.

परतीचे नियम आपल्या सरकारचे होते. २२ फेब्रुवारी २०२१ पासून परदेशातून येणाऱ्यांना ७२ तासांच्या आतील रिपोर्ट ‘एअर सुविधा’ या सरकारी संकेतस्थळावर चढवणे बंधनकारक झाले होते. त्यामुळे सुट्टीच्या ऐन मध्यात पुन्हा नमुना द्यावा लागला, मालदीव सोडताना इमुगा दुसऱ्यांदा भरावे लागले आणि रिसॉर्टवरच्या चाचणीचे पैसे ठाण्यातल्या दराच्या कितीतरी पट मोजावे लागले. खर्चाचा अंदाज बांधताना ही दुसरी चाचणी बहुतेकांच्या ध्यानात येत नसे.

पुढे १३ मे २०२१ पासून मालदीवने भारतासह दक्षिण आशियातील पर्यटकांना प्रवेश बंद केला आणि तो १५ जुलैला पुन्हा सुरू झाला. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाचे आरक्षण नेमके त्याच काळातले होते. त्यांना हॉटेलने तारखा बदलून दिल्या, विमानाचे पैसे मात्र सहज सुटले नाहीत.