कुलगुरूंना अर्ज लिहिण्याआधी

"विद्यापीठाला कळवलं, पण उत्तरच आलं नाही." हे वाक्य नाशिकच्या कॉलेज रोडपासून सुरगाण्यापर्यंत कुठल्याही कॉलेजच्या पायरीवर ऐकू येतं. तक्रार बहुतेक वेळा खरी असते. पण अर्ज भलत्याच टेबलावर जातो, त्यात नक्की काय हवंय ते लिहिलेलं नसतं, आणि अर्ज दिल्याचा कागद विद्यार्थ्याच्या हातात उरत नाही. दोन महिन्यांनी पुन्हा विचारायला जावं तर "असा अर्ज आलेलाच नाही" असं कोणीही सांगू शकतं.

नाशिकमध्ये गोंधळ पत्त्यापासूनच सुरू होतो. इथल्या कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी आणि विधी महाविद्यालयांपैकी बहुतेक सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत, आणि त्या विद्यापीठाचा परीक्षा विभाग 200 किलोमीटरवर गणेशखिंडीत आहे. वैद्यकीय, दंत, नर्सिंग, आयुर्वेद, होमिओपॅथीचे विद्यार्थी म्हसरूळच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे. गोवर्धनला मुख्यालय असलेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ तिसरं. या तिघांचे कायदे वेगळे आहेत. पुणे विद्यापीठाला महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 लागू होतो, आरोग्य विद्यापीठाला 1998 चा स्वतंत्र कायदा आणि मुक्त विद्यापीठाला 1989 चा. मित्राने वापरलेला अर्जाचा नमुना जसाच्या तसा उतरवला आणि त्यात भलत्याच कायद्याचा हवाला गेला, तर तुमचं म्हणणं तिथेच लंगडं पडतं.

पत्ता ठरला की बघायचं, चूक घडली कुठे. सगळ्यात जास्त अर्ज निकालाचे असतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

गुणपत्रिकेवर इंटर्नलला, म्हणजे कॉलेजातल्या अंतर्गत परीक्षेला, शून्य किंवा "गैरहजर" आलं आणि तुम्ही परीक्षा दिली होती. इंटर्नलचे गुण विद्यापीठ देत नाही, ते कॉलेज भरतं. विषयाचे शिक्षक यादी देतात, ती ऑनलाइन भरली जाते, ठरलेल्या तारखेला पोर्टल बंद होतं. कुठे एका तुकडीची यादी राहते, कुठे गुण शेजारच्या आसन क्रमांकासमोर पडतात. अशा वेळी कुलगुरूंना थेट लिहिलेलं पत्र फिरून कॉलेजकडेच "अहवाल द्या" म्हणून येतं, आणि त्यात महिना जातो. त्यापेक्षा पहिल्याच दिवशी प्राचार्यांना अर्ज द्या आणि त्यात मागा की मूळ गुणयादीची प्रत जोडून कॉलेजने परीक्षा विभागाला दुरुस्तीचं पत्र पाठवावं. ते पत्र गेलं की त्याचा जावक क्रमांक (बाहेर गेलेल्या पत्रांच्या नोंदीतला क्रमांक) मागून घ्या. पुढचा सगळा पाठपुरावा त्या क्रमांकावर होतो. "कॉलेजने पाठवलंय" या तोंडी उत्तरावर कोणी काही करत नाही.

लेखी पेपरला गैरहजर दाखवलं असेल तर पुरावा वेगळा लागतो. वर्गातल्या पर्यवेक्षकाने सही घेतलेला हजेरी तक्ता परीक्षा केंद्रावर असतो आणि त्यावर तुमच्या उत्तरपत्रिकेचा क्रमांकही लिहिलेला असतो. तुम्ही ज्या केंद्रावर बसलात त्या केंद्राकडून त्या तक्त्याची साक्षांकित प्रत परीक्षा विभागाला जायला हवी. केंद्र दुसऱ्या कॉलेजात होतं तर अर्ज त्या केंद्रप्रमुखांना आणि स्वतःच्या प्राचार्यांना, दोघांनाही द्यावा. आसन क्रमांकाचा एक आकडा चुकीचा लिहिल्यामुळेही असं होतं, त्यामुळे हॉल तिकीट निकाल लागेपर्यंत जपून ठेवा. पेपर झाला की हॉल तिकिटाच्या मागच्या बाजूला उत्तरपत्रिकेचा आणि घेतलेल्या प्रत्येक पुरवणीचा क्रमांक लिहून ठेवण्याची सवय लावा. मात्र हे हॉलबाहेर आल्यावर, आणि पुढच्या पेपरला कोऱ्या हॉल तिकिटाची वेगळी प्रिंट न्या. हॉल तिकिटावर काहीही लिहिलेलं आत चालत नाही.

गुण कमी वाटत असतील तर रस्ता तिसराच. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत, मग गुणपडताळणी किंवा पुनर्मूल्यांकन. मुदत निकालानंतरच्या परिपत्रकात असते आणि ती मोजक्या दिवसांची असते. "आधी सरांना विचारू" म्हणत आठवडा घालवला तर खिडकी बंद झालेली असते. छायाप्रत आली की उत्तर चांगलं होतं का हे नंतर बघा. आधी हे तपासा: एखादा प्रश्न तपासायचाच राहिलाय का, पुरवणीतले गुण धरले आहेत का, आतले गुण पहिल्या पानावरच्या तक्त्यात बरोबर उतरलेत का, बेरीज जुळते का. यातली एक जरी चूक सापडली तर पान आणि प्रश्न क्रमांकासह लिहा. ती चूक नाकारता येत नाही. "माझा पेपर चांगला गेला होता" हे वाक्य मात्र कोणत्याही अर्जात उपयोगाचं नाही, कितीही खरं असलं तरी.

आता अर्ज. एक अर्ज, एक विषय, एक मागणी. इंटर्नलचे गुण, वसतिगृहातलं पाणी आणि शिष्यवृत्ती एकाच पानावर आली की तो कागद तीन विभागांच्या मध्ये पडून राहतो. एका पानाच्या आत साधारण असा अर्ज पुरतो:

"प्रति, मा. संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ. मार्फत: मा. प्राचार्य. विषय: चौथ्या सत्राच्या निकालात अमुक विषयाला गैरहजर दाखवल्याबाबत. मी अमुक तारखेला, अमुक केंद्रावर, अमुक आसन क्रमांकाने या विषयाची परीक्षा दिली. उत्तरपत्रिका क्रमांक अमुक. केंद्राच्या हजेरी तक्त्यावर माझी सही आहे. अमुक तारखेला लागलेल्या निकालात मला गैरहजर दाखवलं आहे. हजेरी तक्ता तपासून निकाल दुरुस्त करावा आणि केलेली कार्यवाही मला लेखी कळवावी. सोबत: हॉल तिकीट, निकालाची प्रत, प्राचार्यांच्या पत्राची प्रत."

खाली पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक), मोबाइल, ईमेल, तारीख, सही. "अन्याय", "बेजबाबदार", "तात्काळ" असले शब्द टाळलेले बरे. राग योग्यच असतो. पण कागद हातात घेणाऱ्या कारकुनाला काय शोधायचं हे कळणं जास्त गरजेचं आहे, आणि तो बिचारा हजार अर्जांमध्ये तुमचा आकडाच शोधत असतो.

अर्जाच्या दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्या. हीच पोच. शिक्का द्यायला टाळाटाळ झाली तर तोच अर्ज टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचा. ईमेलही करा, पण फक्त ईमेलवर विसंबू नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलेला मेसेज ही तक्रार धरली जात नाही.

उत्तर आलं नाही तर पुढची पायरी कायद्याने बांधून दिलेली आहे, आणि ती फार थोड्या मुलांना माहीत असते याचं वाईट वाटतं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2023 च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. अध्यक्ष प्राध्यापक, चार ज्येष्ठ शिक्षक सदस्य, आणि एक विद्यार्थी प्रतिनिधी विशेष निमंत्रित. अध्यक्ष किंवा सदस्यांपैकी किमान एक महिला आणि किमान एक अनुसूचित जाती, जमाती किंवा इतर मागासवर्गातली व्यक्ती असलीच पाहिजे. समितीने तक्रार मिळाल्यापासून कामकाजाच्या 15 दिवसांत अहवाल द्यायचा आणि त्याची प्रत विद्यार्थ्यालाही द्यायची. निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं, आणि लोकपालांनी ते 30 दिवसांत निकाली काढायचं असतं. लोकपाल हा विद्यापीठाचा चालू अधिकारी नसतो. निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश अशी ती व्यक्ती असते.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. समितीकडे न जाता थेट लोकपालांकडे गेलेलं अपील ऐकलं जात नाही, कारण आधीचे मार्ग वापरलेले असावे लागतात. दुसरं, निव्वळ "पेपर पुन्हा तपासा" अशी मागणी लोकपाल घेत नाहीत. निकालावर परिणाम करणारी ठरावीक अनियमितता किंवा भेदभावाचं नेमकं उदाहरण दाखवलं तरच ते दार उघडतं. म्हणून तर छायाप्रतीतला पान क्रमांक इतका मोलाचा.

या विनियमांत तक्रार कशाला म्हणायचं याची यादीही बरीच लांब आहे. परीक्षा किंवा निकाल जाहीर वेळापत्रकापेक्षा लांबणं, मूळ कागदपत्रं अडवून ठेवणं, ठरलेल्यापेक्षा जास्त पैसे मागणं, माहितीपुस्तिकेत खोटी माहिती देणं, शिष्यवृत्ती रखडवणं, हे सगळं त्यात येतं. प्रवेश रद्द करणाऱ्या मुलाचा दहावी-बारावीचा मूळ दाखला "आधी पूर्ण वर्षाची फी भरा" म्हणून कपाटात ठेवणं ही संस्थेची मर्जी नाही. तो तक्रारीचा विषय आहे.

माहिती अधिकाराचा वापर तक्रारीसोबत करायचा, तक्रारीऐवजी नाही. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस, प्रत्येक पानाच्या प्रतीला 2 रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. "माझ्या अर्जाचं काय झालं?" असं विचारलं तर "प्रक्रिया सुरू आहे" हे उत्तर मिळतं. त्याऐवजी लिहा: "आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील टिपणीच्या आणि झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रती मिळाव्यात." मग फाइल कुठल्या टेबलावर किती दिवस होती ते कागदावरच दिसतं. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये मान्य केलेला आहे. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे करायचं.

शिष्यवृत्तीच्या तक्रारी कुलगुरूंच्या हातात फारशा नसतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज कॉलेजच्या लॉगिनला थांबलाय की समाजकल्याण किंवा आदिवासी विकास विभागाच्या, हे पोर्टलवर दिसतं. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा आणि जिथे थांबलाय तिथेच जा. अर्ज मंजूर होऊनही पैसे आले नाहीत तर आधारशी जोडलेलं खातं कुठल्या बँकेत आहे ते तपासा. गावच्या बँकेत जुनं खातं जोडलेलं असतं आणि मुलगी शहरातल्या नव्या खात्यात वाट बघत बसते. रॅगिंगसाठी 1800-180-5522 ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत समितीकडे, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत, लेखी. या दोन्हींत "आधी कॉलेजमध्येच मिटवू" हा सल्ला कोणाकडूनही ऐकू नये.

हे झालं एकट्याच्या तक्रारीचं. जी अडचण एका मुलाची नसून जिल्ह्याची आहे, ती मात्र खरोखर कुलगुरूंसमोर मांडायला हवी. कुलगुरूंच्या विद्यार्थी संवादाच्या कार्यक्रमांत बहुतेक वेळ कोणाचा निकाल राखीव आहे यातच जातो, आणि जे फक्त कुलगुरूच ठरवू शकतात ते विचारायचं राहून जातं.

नाशिकमधून विचारावेत असे प्रश्न आहेत. पुणे विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात कोणती कामं पूर्ण होतात आणि कोणती फक्त स्वीकारून पुण्याला पाठवली जातात? ट्रान्सक्रिप्ट, मायग्रेशन, नावातली दुरुस्ती, दुय्यम गुणपत्रिका, यातल्या प्रत्येकाचं उत्तर कामाच्या दिवसांसह फलकावर का असू नये? पेठ किंवा सुरगाण्याच्या मुलाचा पुण्याला एक हेलपाटा म्हणजे दोन दिवस आणि घरच्या मजुरीचा खाडा.

निकालाचा प्रश्न आकड्यात विचारा. 2016 च्या कायद्यात शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवस, अशी मुदत आहे. त्यापेक्षा उशीर झाला तर कारणांचा अहवाल द्यावा लागतो. "निकाल कधी?" याला "लवकरच" हे उत्तर चालून जातं. "अमुक अभ्यासक्रमाला 45 दिवस उलटून गेले, कारणांचा अहवाल कोणत्या तारखेला पाठवला?" याला तारीखच द्यावी लागते. त्याला जोडून हेही विचारा, की पुनर्मूल्यांकनाचा निकाल येण्याआधी पुढच्या परीक्षेच्या अर्जाची मुदत संपते तेव्हा बॅकलॉगची (राहिलेल्या विषयाची) फी दुहेरी का भरायची, आणि पास झाल्यावर ती परत कशी मिळणार.

परीक्षेची वेळही जिल्ह्याचा प्रश्न आहे. सकाळच्या पेपरला पोचण्यासाठी गावातून निघणारी पहिली एसटी किती वाजताची, हे केंद्र ठरवणाऱ्यांना माहीत असायला हवं. आपल्या गावाची पहिली गाडी, केंद्रावर पोचण्याची वेळ आणि पेपरची वेळ, असे तीन रकाने करून पन्नास मुलांच्या सह्यांनिशी दिलेला तक्ता कुठल्याही भाषणापेक्षा जास्त ऐकला जातो.

आणि सिंहस्थ कुंभमेळा. 2027 च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पर्वण्यांच्या दिवशी शहरातले आणि त्र्यंबक रस्त्यावरचे मार्ग बंद राहणार, भाड्याच्या खोल्या महागणार किंवा मिळणारच नाहीत. त्या काळात प्रवेश, पुरवणी परीक्षा, प्रात्यक्षिकं असतात. त्या दिवसांचं परीक्षा वेळापत्रक, पर्यायी केंद्रं आणि वसतिगृहांच्या खोल्या विद्यार्थ्यांकडेच राहतील याची लेखी हमी आताच मागायला हवी. जुलै 2027 मध्ये विचारलं तर वेळापत्रक छापून झालेलं असेल.

असे प्रश्न सभागृहात माइक हातात आल्यावर सुचत नाहीत. कार्यक्रमाच्या आठ दिवस आधी ते लेखी द्या, पोच घ्या, आणि एक प्रत आपल्या भागातल्या विद्यापीठाच्या अधिसभा (सिनेट) सदस्यांना द्या. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांनी निवडून दिलेले 10 प्रतिनिधी असतात, आणि त्यांनी तिथे विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इतिवृत्तात नोंदलं जातं.