मंडपाच्या तोंडाशी परत पाठवलेला रक्तदाता

१७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, जिंतूर तालुक्यातील एका गावात आमच्या रक्तपेढीचे शिबिर होते आणि दात्यांची तपासणी माझ्याकडे होती. डॉक्टरांपर्यंत कोणी पोहोचायचे, हे अशा शिबिरांत पुष्कळदा नोंदणीला बसलेले कार्यकर्तेच परस्पर ठरवून टाकतात. त्यांनी एका शेतकऱ्याला परत पाठवले होते, कारण त्याच्या पत्नीची छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात केमोथेरपी चालू होती.

"तिचं समदं मीच करतो, म्हणून माझं रक्त चालत नाही म्हणले," तो म्हणाला.

कर्करोग सेवा केल्याने, एका ताटात जेवल्याने किंवा सहवासाने लागत नाही. स्वीडन आणि डेन्मार्कमधील नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला होता. ज्यांच्या शरीरात निदान न झालेला कर्करोग दडलेला होता अशा दात्यांचे रक्त मिळालेल्या रुग्णांतही कर्करोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. तरीही कर्करोग कोणत्या अवयवाचा, हे मी विचारतोच. यकृताचा असेल तर त्याच्या मुळाशी हिपॅटायटिस बी किंवा सी, म्हणजे रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरू शकणारी विषाणूजन्य कावीळ, असू शकते, आणि मग जोडीदाराचा विचार वेगळा करावा लागतो. त्याने पिशवीतून फाईल काढली. आजार स्तनाचा होता. वजन ५८ किलो, हिमोग्लोबिन १३.६, रक्तदाब व्यवस्थित. त्याला नाकारण्याचे काहीही कारण नव्हते. केमोनंतर सुमारे दोन दिवस औषधाचा अंश रुग्णाच्या लघवीत व उलटीत असतो, तेव्हा त्याने खराब झालेले कपडे हातमोजे घालून धुवावेत, हे त्याला तोवर कोणीही सांगितले नव्हते, याचा मला फार संताप आला.

त्याच रांगेत एक धडधाकट तरुण होता. त्याच्यासोबत राहणाऱ्या भावाला दोन महिन्यांपूर्वी कावीळ झाली होती. खेड्यातली कावीळ बहुधा दूषित पाण्याची असते. पण रिपोर्ट नसताना ती कोणत्या विषाणूची हे कळत नाही, आणि हिपॅटायटिसच्या रुग्णाशी निकटचा संपर्क आलेल्याला बारा महिने थांबवण्याचा नियम आहे. मी त्याला थांबवले. "कॅन्सरवाल्याचं घेतलं अन् आपल्या पोराला परत लावलं," असा गलका झाला. मी समजावले, आयोजकांनी माना डोलावल्या. पण त्यांचे लक्ष पिशव्यांच्या आकड्यावर होते. शेतकऱ्याशेजारच्या खाटेवर झोपायला पुढच्या दात्याने नकार दिला, आणि हे शेतकऱ्याने ऐकले.

त्याच्या रक्तातून वेगळ्या होणाऱ्या प्लेटलेट्स केमोच्याच एखाद्या रुग्णाला लागू शकतात आणि त्या पाचच दिवस टिकतात, हे मी त्याला खाटेजवळ उभे राहून सांगितले. मला अजून छळते ते निराळेच. मी थांबवलेल्या प्रत्येक दात्याचे कारण आमच्या नोंदवहीत असते, परंतु मंडपाच्या तोंडाशीच माघारी धाडलेल्यांची नोंद कुठेही नसते. हा घुटमळत राहिला म्हणून दिसला. यापुढे कोणालाही परस्पर परत पाठवू नये, ही अट शिबिराच्या पत्रातच लेखी घालावी, असा आग्रह मी वरिष्ठांकडे धरला आहे. उत्तर अद्याप आलेले नाही.