कंपनी कुणाची?

आतेभावाच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हाची गोष्ट. मुलीकडच्या एका वडीलधाऱ्यांनी विचारले, "पोरगं कशात हाय?" आत्याने सांगितले, "वाळूजला, कंपनीत." ती कंपनी कसली, तिथे काय तयार होते, याची चौकशी कुणीच केली नाही, पुढचा प्रश्न थेट आला, "परमनंट का ठेकेदाराकडं?" आमच्या मराठवाड्यात या शब्दाचा पहिला अर्थ हाच आहे. वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीतील कारखाना, त्याची शिफ्टची बस आणि गळ्यात अडकवलेले ओळखपत्र, एवढे सारे ‘कंपनीत’ या एका शब्दात बसते.

शब्दाचे मूळ पाहिले, तर मात्र तिथे कारखान्याचा मागमूसही नाही. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत गेलेल्या या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘कुम’ म्हणजे सोबत आणि ‘पानिस’ म्हणजे पाव हे दोन शब्द आहेत. अर्थात, एकत्र बसून पाव खाणारे ते सोबती आणि त्यांचा मेळा ती कंपनी. आपल्याकडे पोर्तुगीजांमार्फत आलेला ‘पाव’ हा शब्दही त्याच ‘पानिस’चा वंशज आहे. एमआयडीसीच्या गेटबाहेर, गाड्यावर वडापाव खात उभा असलेला कामगार एकाच शब्दाची दोन टोके हाताळत असतो, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

एका पंगतीत जेवणाऱ्यांचा हा शब्द आपल्याकडे पोहोचला तो मात्र परक्यांचे नाव म्हणून. ३१ डिसेंबर १६०० रोजी सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी ही लंडनच्या व्यापाऱ्यांची भागीदारी होती, म्हणजे तिच्या भागीदारांच्या दृष्टीने ती ‘आपली’च होती, आपल्या पूर्वजांसाठी ती ‘कंपनी सरकार’ झाली. पुढे १८५८ मध्ये कारभार राणीकडे गेला, १८७४ मध्ये ती कंपनीही विसर्जित झाली; पण कंपनी म्हणजे पलीकडची, आपल्याहून मोठी, जिच्या दारात अर्ज घेऊन उभे राहावे लागते अशी कुणीतरी, हा अर्थ भाषेत राहून गेला, असे मला वाटते. पीकविम्याचे पैसे अडले की गावात आजही "कंपनीनं दिले न्हाईत" असेच म्हणतात, आणि त्या वाक्यात कंपनीचे नाव बहुधा नसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘कंपू’ हे कंपनीचेच मराठी रूप आहे असे अनेकजण समजतात, परंतु तो शब्द छावणी या अर्थाच्या पोर्तुगीज ‘काम्पो’ किंवा इंग्रजी ‘कॅम्प’वरून आला आहे. शिंद्यांच्या फौजेत युरोपीय अधिकाऱ्यांनी कवायत शिकवलेल्या पलटणींना कंपू म्हणत. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील असई येथे, केळना आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात, ईस्ट इंडिया कंपनीकडून लढणाऱ्या आर्थर वेलस्लीच्या सैन्याशी शिंद्यांचे कंपू लढले आणि हरले. या दोन शब्दांची गाठ आमच्या भागात पडली ती अशी. आता ‘कंपू’ फक्त गटबाजी करणाऱ्यांसाठी वापरतात, ही त्या पलटणींची जरा शोकांतिकाच आहे.

कंपनीचा लष्करी अर्थ, म्हणजे जवानांची तुकडी, मला फार उशिरा कळला. शाळेत असताना ‘बंदोबस्तासाठी राज्य राखीव दलाच्या दोन कंपन्या दाखल’ ही बातमी वाचून मी घरी उत्साहाने सांगितले होते की आपल्याकडे दोन कारखाने येत आहेत. वडील हसले नाहीत. त्यांनी फक्त वर्तमानपत्र काढून घेतले.

आपल्या लोकांनी कधी या शब्दाचे भाषांतरही केले होते, आणि ते मूळ अर्थाच्या किती जवळ गेले होते पाहा : १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी उभी केली ती ‘किर्लोस्कर नाटक मंडळी’. मंडळी एकत्र राहते, एकत्र जेवते. (जुन्या मराठीत ‘आमची मंडळी’ म्हणजे पत्नीही, इतकी घरगुती छटा कोणत्या कंपनीला यायची?) तरीही बोलण्यात ‘नाटक कंपनी’च रुळली.

"चहाला चल, जरा कंपनी दे" हा अलीकडचा प्रयोग. ‘सोबत’ असताना कंपनी कशाला, असे शुद्धतावादी विचारतात. पण सोबत हा शब्द तरी अरबी-फारसीतूनच आलेला आहे. मला उलट हा प्रयोग आवडतो, कारण शब्द त्यात मूळच्या अर्थाच्या जवळ पोहोचला आहे. मोबाईल ‘कोणत्या कंपनीचा’, बियाणे ‘कंपनीचं’ आहे की सुटे, या ‘ब्रँड’च्या अर्थाविषयी मात्र वेगळे सांगण्यासारखे काही नाही.

२००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकरी उत्पादक कंपनीची तरतूद झाली; किमान दहा उत्पादक एकत्र आले की ती स्थापन करता येते, आणि सभासद उत्पादकच असावे लागतात. आमच्या गावात अशी कंपनी निघाली, तेव्हा पहिल्या सभेला मी मारुतीच्या पारावर हजर होतो. सगळे समजावून झाल्यावर मागे बसलेल्या एका आजोबांनी विचारले, "समदं बराबर हाय, पर कंपनीचा मालक कोण?"

"तुम्हीच की, आबा."

आजोबांनी टोपी सारखी केली. "मंग यंदा सोयाबीनचा भाव मीच सांगू का?"

पारावर हशा पिकला, आणि संचालकांनी चहा मागवला.